गाडीत बाळाची जागा कुठली?

मुर्धा गावातून आम्ही महिला मंडळाच्या सगळ्याजणी तुमच्याशी बोलतो आहोत. भाकऱ्या थापत असाल, भाजी निवडत असाल, तर हातातलं काम चालू राहू द्या. कान मात्र इकडे असू द्या, कारण आजचा विषय आपल्या मांडीवरच्या लेकराचा आहे.

आमचं गाव भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन अशी गावं इथे ओळीने लागतात. शेजारी मिठागरं आणि खाडी. आमच्या आज्या याच वाटेने डोक्यावर पाट्या घेऊन चालत गेल्या. आता गल्लीगल्लीत चारचाकी उभी असते. स्वतःची नसली तर दिराची, भावाची, नाहीतर भाड्याची. कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जायचं, विरारला जीवदानीला जायचं, पालघरकडच्या नातेवाइकांच्या हळदीला जायचं, तर गाडी काशीमिऱ्याला हायवेवर निघते आणि मग वेग वाढतो.

या गाडीत बाळ कुठे बसतं? बहुतेक घरांत उत्तर एकच. आईच्या मांडीवर, नाहीतर आजीच्या. आणि मान म्हणून बाळंतिणीला चालकाच्या शेजारची पुढची जागा मिळते. आईची मांडी म्हणजे जगातली सगळ्यात सुरक्षित जागा, असं आपण मानत आलो. घरात ते खरं आहे. धावत्या गाडीत मात्र खरं नाही. एवढी एकच गोष्ट आज सांगायची आहे, आणि मग त्यावर उपाय काय, तो कसा करायचा, हे एकेक करून पाहायचं आहे.

मांडी का पुरत नाही?

एसटीत उभं असताना चालकाने करकचून ब्रेक मारला की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बस थांबते, आपण मात्र पुढे फेकले जातो. गाडीची टक्कर झाली की हेच होतं, फक्त फार जोराने.

हिशेब करून पाहू. बाळ दहा किलोचं आहे, म्हणजे दहा किलो तांदळाच्या एका गोणीएवढं. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि कशावर तरी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. पापणी लवायच्या आत. तेवढ्या वेळात ते बाळ सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. तांदळाच्या चौदा गोण्या एकदम हातातून निसटताना कोण धरून ठेवील? पैलवानालाही जमणार नाही. माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. ताशी ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं.

यात दुसरा धोकाही आहे. बाळाला घेऊन बसलेल्या आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचंही वजन त्याच जोराने पुढे जातं. मधे बाळ, समोर पुढच्या सीटची पाठ. म्हणजे जी मांडी वाचवणार होती, तीच बाळावर येते. आणि आईने पट्टा लावला, पण तो स्वतःच्या आणि बाळाच्या दोघांच्या भोवती लावला, तर तेही तितकंच वाईट. आईचं सगळं वजन त्या पट्ट्यावर येतं आणि पट्टा बाळाच्या पोटात रुततो.

आमच्याच हायवेवरची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी गाडी कठड्याला धडकली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले जहांगीर पंडोल असे दोघे गेले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी उत्तम होती, एअरबॅगा होत्या. मागच्या सीटवर काही होत नाही, हा आपला समज त्या दिवशी खोटा ठरला. मोठ्या माणसाची ही गत, तर मांडीवरच्या लेकराचं काय?

मांडीचा मोह फक्त आपल्याकडेच आहे, असं नाही. अमेरिकेत टेनेसी नावाच्या राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी खटपट केल्यावर १९७८ पासून तिथे लहान मुलांना गाडीत खास सीटमध्ये बसवणं सक्तीचं झालं. त्या देशातला तो पहिला कायदा. पण कायदा करताना एक पळवाट ठेवली होती, ती अशी की मोठ्या माणसाने मूल हातात धरलं तरी चालेल. डॉक्टर त्यावर गप्प बसले नाहीत. अखेर १९८१ मध्ये ती पळवाट बंद झाली. हातात धरलेलं मूल सुरक्षित नसतं, हे तिथल्या लोकांनाही पटवून घ्यावं लागलं.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४-बी लागू झालं. चौदा वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर त्याला सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं असलं पाहिजे. नसेल तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, असं त्यात लिहिलं आहे. जबाबदारी चालवणाऱ्याची आहे, हे लक्षात ठेवा. घरात बोलताना उपयोगी पडतं.

पण दंडासाठी हे करू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट बसवलेल्या सीटमुळे तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतात. यातला ‘नीट बसवलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. सैल बसवलेली सीट म्हणजे नुसती खुर्ची. टक्कर झाली की ती बाळासकट उडते.

सीट कुठली घ्यायची?

सीट वयावर घेऊ नका, वजन आणि उंचीवर घ्या. वजन कुठे बघायचं? अंगणवाडी ताई दर महिन्याला बाळाचं वजन करतात, उंची मोजतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहितात. दुकानात जाताना ते कार्ड सोबत न्या.

साधारण तीन टप्पे असतात. पहिला, जन्मापासून १३ किलोपर्यंत. यात बाळ उलट बसतं, म्हणजे त्याचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असतं. दुसरा, ९ ते १८ किलो, आत स्वतःचे पट्टे असलेली सीट. तिसरा, १५ ते ३६ किलो, ज्यात मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावतात. काही सीट दोन किंवा तिन्ही टप्प्यांना चालतात. नव्या पद्धतीच्या सीटवर किलोऐवजी सेंटिमीटरमध्ये उंची लिहिलेली असते.

बाळाला उलट का बसवायचं? तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. जन्माच्या वेळी अंगाच्या लांबीचा चौथा हिस्सा डोकंच असतं. मान मात्र कोवळी. बाळाची मान आपण का सावरून धरतो, ते कुणी आपल्याला शिकवायला नको. सुलट बसलेल्या बाळाची टक्कर झाली तर अंग पट्ट्याने अडतं आणि डोकं झटक्याने पुढे जातं. उलट बसलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात, म्हणून झटका वाटला जातो. स्वीडनमधले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना १९६०च्या दशकात ही कल्पना अंतराळवीरांवरून सुचली. यानातले वीर पाठीवर टेकून बसतात, ते पाहून त्यांनी १९६४ मध्ये अशी उलटी सीट तयार केली.

म्हणून घाई करू नका. ९ किलो झालं की लगेच बाळाला सुलट करायचं, असं नाही. नव्या आंतरराष्ट्रीय नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत उलटच बसवायला सांगितलं आहे. सीटची मर्यादा असेपर्यंत त्याहून जास्त दिवस उलट ठेवलं तर अधिक चांगलं. पाय दुमडले जातात म्हणून काळजी करू नका. मुलं मांडी घालून मजेत बसतात.

विकत घेताना सीटवरची चिठ्ठी पाहा. भारतीय मानक ‘एआयएस ०७२’, किंवा युरोपातल्या नियमाचा ४४ किंवा १२९ हा आकडा आणि वर्तुळात ‘ई’ हे अक्षर, यांपैकी काहीतरी हवं. चिठ्ठी नसलेली, नुसत्या कापडाची गादी आणि दोन पट्टे अशी वस्तू स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. आणि पैसे देण्याआधी सीट आपल्याच गाडीत लावून बघा. काही गाड्यांत मागचा पट्टाच आखूड असतो, सीटभोवती पुरत नाही. मग ती सीट कितीही चांगली असली तरी त्या गाडीला उपयोगाची नाही.

सीट गाडीत कशी बसवायची?

आता सावकाश ऐका. बचत गटात कुणी लिहून घेत असेल तर उत्तम.

पहिलं, जागा. सीट नेहमी मागे लावायची. पुढच्या जागेसमोर एअरबॅग असते. टक्कर झाली की ती स्फोटासारखी फुगते. उलट बसवलेल्या सीटच्या पाठीवर ती आदळली तर बाळाच्या डोक्यावरच घाव बसतो. म्हणून एअरबॅगसमोर उलटी सीट कधीही लावायची नाही. पुढच्या काचेवरच्या झडपेवर याची खूण असते. तिथे उलट्या सीटवर रेघ मारलेलं चित्र दिसेल.

दुसरं, पुस्तिका. सीटसोबत आलेली पुस्तिका आणि गाडीची पुस्तिका, दोन्ही उघडा. इंग्रजी वाचता येत नसेल तर चित्रं बघा, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

तिसरं, पट्ट्याची वाट. गाडीचा पट्टा सीटच्या कुठल्याही भोकातून घालून चालत नाही. त्याच्या ठरलेल्या खाचा असतात. बऱ्याच सीटवर उलट बसवण्यासाठी निळी खूण आणि सुलट बसवण्यासाठी लाल खूण असते. तान्ह्या बाळाच्या उलट्या सीटमध्ये बहुधा पट्ट्याचा कमरेचा भाग बाळाच्या पायांच्या बाजूने जातो आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून फिरतो. पट्टा कुठेही पिळलेला नको. वेणीसारखा पीळ पडला की जोर एकाच जागी येतो.

चौथं, घट्ट करणं. इथेच बहुतेकांचं चुकतं. पट्टा लावून ‘टक’ असा आवाज आला की काम झालं, असं वाटतं. पण गाडीचा पट्टा हळू ओढला तर सैल येतो, झटका दिला तरच अडतो. म्हणून सीटवर एका हाताने किंवा गुडघ्याने जोर देऊन ती गादीत दाबा आणि दुसऱ्या हाताने पट्टा ओढून सगळी ढील काढा. सीटला पट्टा पकडणारा चाप असेल तर तो दाबून बंद करा. तान्ह्या बाळाच्या पोकळ सीटवर गुडघा नको, हाताचाच जोर द्या.

पाचवं, परीक्षा. जिथून पट्टा जातो, त्याच जागी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर सैल आहे. पट्टा काढा आणि पुन्हा लावा. वरचं टोक थोडं हललं तर चालतं, पण बूड हलता कामा नये.

सहावं, कल. तान्ह्या बाळाची सीट फार उभी झाली तर झोपेत मान छातीवर पडते आणि श्वास कोंडतो. फार आडवी झाली तर टकरीत बाळ वर सरकतं. साधारण अर्धवट रेललेली हवी. बऱ्याच सीटच्या बाजूला रेघ असते. गाडी सपाट जागी उभी केली की ती रेघ जमिनीला समांतर दिसली पाहिजे.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत आणखी एक सोय असते, तिला आयसोफिक्स म्हणतात. मागच्या सीटची पाठ आणि बूड जिथे मिळतात, त्या फटीत हात घाला. दोन लोखंडी कड्या लागतील. सीटचे दोन हात त्या कड्यांत ढकलायचे. टक असा आवाज येतो आणि खूण लालची हिरवी होते. दोन्ही बाजूंना हिरवी झाली पाहिजे. मात्र काम इथे संपत नाही. तिसरा आधार असतोच. एक तर सीटच्या वरून मागे जाणारा पट्टा, जो गाडीच्या सीटमागच्या कडीला अडकवायचा, नाहीतर जमिनीला टेकणारा पाय. तो विसरला तर सीट पुढे कलंडते.

बाळाला सीटमध्ये कसं बांधायचं?

सीट पक्की झाली. आता बाळ. त्याचं बूड आणि पाठ सीटला पूर्ण टेकवा. पट्टे दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांच्या मधून जातात.

आपल्याकडे बाळाला दुपट्यात गुंडाळतात. सीटमध्ये तसं गुंडाळलेलं बाळ ठेवता येत नाही, कारण पायांमधला पट्टा बसतच नाही. पाय मोकळे असलेलं झबलं-लंगोट घाला, आधी पट्टे लावा, मग दुपटं वरून पांघरा. जाड स्वेटरचंही तसंच. स्वेटरवरून पट्टा घट्ट वाटतो, पण टकरीत लोकर दबते आणि पट्टा सैल पडतो.

उलट बसलेल्या बाळाचे खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबरीच्या किंवा जरा खालच्या खाचेतून यायला हवेत. सुलट बसलेल्या मुलाचे बरोबरीच्या किंवा जरा वरच्या. ढील काढा आणि मग खांद्यापाशी पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चुण्या पडल्या तर सैल आहे. चिमटीत आलाच नाही तर बरोबर. ही परीक्षा प्रत्येक फेरीला करा, कारण मूल वाढतं, कपडे बदलतात.

डोक्यामागे वेगळी उशी, पाठीखाली गोधडी, असं काही घालू नका. सीटसोबत जे आलं तेवढंच. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, पट्ट्याची कडी चटका देते. गाडी उन्हात असेल तर सीटवर ओढणी टाकून ठेवा आणि बाळाला बसवण्याआधी कडीला हात लावून बघा. आणि ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून बाळाला बंद गाडीत एकटं कधीही ठेवू नका.

लांबच्या प्रवासात दोन तासांपेक्षा जास्त वेळ सलग बसवू नये. अगदी नवजात असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने गाडी थांबवा, बाळाला बाहेर काढा, अंगावर पाजा. चालत्या गाडीत पाजण्यासाठी बाळाला सोडवायचं नाही, आधी गाडी थांबवायची. बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल, तर घरी नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि घरी पोहोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमध्येच ठेवायचं नाही, पाठीवर सपाट निजवायचं.

मोठं मूल, भाड्याची गाडी आणि दुचाकी

मूल बालवाडीत गेलं की सीट संपली, असं समजू नका. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या मानेवरून आणि पोटावरून जातो. पोट मऊ, आत हाड नाही. म्हणून उंच करणारी सीट लागते. ती कधी काढायची? मुलाची पाठ गाडीच्या सीटला टेकून गुडघे कडेशी दुमडत असतील, खांद्याचा पट्टा मानेवर न येता खांद्याच्या मध्यावर येत असेल आणि खालचा पट्टा पोटावर नाही तर मांड्यांवर बसत असेल, तेव्हा. साधारण पावणेपाच फूट उंची झाली की हे जमतं. खांद्याचा पट्टा काखेखालून घालण्याची सवय मात्र मुलांना लागू देऊ नका.

भाड्याच्या गाडीत नेहमीची अडचण अशी की मागचे पट्टे असतात, पण त्यांच्या कड्या सीटच्या कव्हराखाली दाबून टाकलेल्या असतात. गाडी ठरवताना पैशांचं बोलतो, तेव्हाच विचारा, “भाऊ, मागचे पट्टे वर काढून ठेवाल ना?” विचारायला काही लागत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला सीट नसेल तर निदान मागे स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र पट्टा द्या. दोन मुलांना एका पट्ट्यात बांधू नका. तान्ह्या बाळासाठी सीट मिळतच नसेल तर शक्यतो लोकलने किंवा बसने जा. ते खरोखर बरं. जायलाच लागलं तर मागे बसा, स्वतः पट्टा लावा, बाळ पट्ट्याच्या बाहेर धरा आणि चालकाला वेग कमी ठेवायला सांगा. हे सुरक्षित नाही, फक्त पुढे बसण्यापेक्षा कमी वाईट आहे.

आणि आपल्यातल्या पुष्कळजणींकडे गाडी म्हणजे दुचाकीच. त्यासाठीही नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला खास पट्टा घालायचा असतो. तो जाकिटासारखा मुलाच्या अंगात असतो आणि चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकतो. ३० किलोपर्यंत वजन पेलेल असा तो हवा. नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं, आणि वेग ताशी ४० च्या वर न्यायचा नाही. नऊ महिन्यांआतलं बाळ दुचाकीवर न नेलेलंच बरं.

पैसे आणि घरातलं बोलणं

“हे सगळं श्रीमंतांचं,” असं कुणी म्हणेल. चांगल्या सीटला काही हजार रुपये लागतात, खरं आहे. पण बारशाला येणाऱ्या भेटी आठवा. चार पाहुण्यांनी आणलेले फ्रॉक आणि खेळणी दोन महिन्यांत लहान होतात, मोडतात. मावशी, आत्या, मामा यांनी मिळून बाळंतविड्यात एक सीट दिली तर? ती पाळण्याइतकीच कामाची.

दुसरा मार्ग बचत गटाचा. गटाने एक तान्ह्या बाळाची आणि एक मोठ्या मुलाची सीट घ्यावी, लागेल तिला न्यायला द्यावी. मंडपाची भांडी आपण अशीच वापरतो. पण त्यासाठी वही हवी. सीट कधी घेतली, कुणी नेली, कुठल्या गाडीत लावली, गाडीला धक्का लागला का, हे त्यात लिहायचं. अपघात झालेल्या गाडीतली सीट बाहेरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नाही, आतून तडा गेलेला असू शकतो. म्हणूनच ओळखीपाळखीशिवाय जुनी सीट विकत घेऊ नये. बुडाशी बनवल्याची तारीख असते, पुस्तिकेत किती वर्षं वापरायची ते लिहिलेलं असतं, तेही वहीत टिपा. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत सीटलाच बांधून ठेवा. कव्हर धुवा, पण पट्टे साबणात भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसा.

घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, “आम्ही नाही का मुलं वाढवली मांडीवर घेऊन?” वाढवली, आणि चांगली वाढवली. त्यांच्याशी वाद घालू नका. एवढंच सांगा की तेव्हा आपण चालत जायचो, बैलगाडीत बसायचो. आता हायवेवर शेजारून कंटेनर जातात. आजीला सीटच्या शेजारी बसवा, बाळाचा हात तिच्या हातात द्या. माया मांडीवरून हातात आली, एवढाच फरक.

बाळ पहिल्या दिवशी रडेल. पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही, हे चार-आठ दिवसांत त्याला कळतं. पण त्यासाठी घरातल्या मोठ्यांनीही पट्टा लावला पाहिजे. आणि ‘आज रडतोय, आज राहू दे’ असं एकदा केलं की पुढच्या वेळी तो दुप्पट रडेल.

शेवटी एक काम सांगतो. येत्या बैठकीला गटातल्या कुणाची गाडी अंगणात उभी करा. मागच्या सीटच्या फटीत हात घालून पट्ट्याच्या कड्या वर काढा, आयसोफिक्सच्या कड्या लागतात का ते चाचपा. कुणाकडे सीट असेल तर ती प्रत्येकीने एकदा काढून पुन्हा बसवावी, आणि शेजारणीने ती हलवून परीक्षा घ्यावी. गाडी पुरुष चालवतात, पण बाळ घेऊन मागे आपण बसतो. ते घट्ट बसलं आहे की नाही, हे आपल्या हाताला कळलं पाहिजे. ते कळेपर्यंत गाडीची किल्ली फिरू देऊ नका.